घरी बांधलेला ट्यूब गिटार अँप: हमिंग येऊ नये म्हणून काय करायचं आणि आलंच तर कुठे शोधायचं

अँप वाजायला लागतो, स्वर गोड येतो, आणि त्याच्यामागे सतत ‘घूं’ चालू असतं. मग डीसी सपाट करणारा पहिला फिल्टर कपॅसिटर मोठा लावला जातो, नव्या ट्यूब मागवल्या जातात, कोणी तर प्लगची अर्थ पिनच काढून टाकतं. पहिल्या दोन उपायांनी बहुतेक वेळा काही साधत नाही आणि तिसऱ्याने जीव जाऊ शकतो. घरी बांधलेल्या अँपमधलं बरंचसं हमिंग चासीला (अँपच्या धातूच्या पेटीला) भोकं पाडताना आणि ग्राउंडच्या (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या) वायरी जोडतानाच आत शिरलेलं असतं. म्हणून या लेखात बांधणीचा क्रम आणि हमिंगचा शोध एकत्रच घेतला आहे.

उदाहरणाला फेंडर चॅम्पचं ५एफ१ सर्किट घेतलं आहे. यात तीन ट्यूब: गिटारचा सिग्नल मोठा करणारी १२एएक्स७ (तिच्या आत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन स्वतंत्र भाग, असतात), स्पीकर चालवणारी पॉवर ट्यूब ६व्ही६जीटी, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३जीटी. आवाज साधारण ५ वॅट. सर्किट लहान असल्यामुळे चूक लपून राहत नाही. तुमचा अँप वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

आधी जिवाची काळजी

या अँपमध्ये ३५० व्होल्ट डीसी खेळत असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. आत हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग पहिल्या (रेक्टिफायरला लागून असलेल्या) फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावा. २० व्होल्टच्या खाली आकडा दिसल्याशिवाय बोट लावू नका. उतरत नसेल तर १० के (म्हणजे १० हजार ओहम), ५ वॅटचा रेझिस्टर क्रोकोडाइल क्लिपने काही सेकंद लावून उतरवा. कपॅसिटरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय अनेकांना असते. ती सोडा, त्यात कपॅसिटरही खराब होतो.

चालू अँपमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप आधीच चासीला अडकवा, एकाच हाताने लाल प्रोब धरा, दुसरा हात खिशात ठेवा. पायात रबरी चप्पल असू द्या. घरात दुसरं कोणीतरी जागं असेल तेव्हाच हे काम करा.

सामान घेताना जिथे चुका होतात

पॉवर ट्रान्सफॉर्मर: प्रायमरी २३० व्होल्ट, शक्य असेल तर २४० किंवा २५०चा जादा टॅप घ्या, कारण अनेक भागांत रात्री उशिरा लाइन वर चढते. सेकंडरी ३२५-०-३२५ व्होल्ट, ७० ते ८० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर, सेंटर टॅपसह (वेढ्यांच्या मधोमध काढलेली वायर). पुण्यात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास वाइंडरकडून गुंडाळून घेत असाल तर प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचं शील्ड घालायला सांगा आणि त्याची वायर बाहेर काढून घ्या. पत्र्याची दोन टोकं एकमेकांना चिकटता कामा नयेत, नाहीतर तो एक शॉर्ट वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: ५ ते ७ के प्रायमरी, तुमच्या स्पीकरनुसार ४ किंवा ८ ओहम सेकंडरी, ५० मिलिअँपिअर डीसी सहन करणारा. तो ‘सिंगल एंडेड’ (एकाच पॉवर ट्यूबसाठीचा) हवा हे वाइंडरला स्पष्ट सांगा. त्यात सगळ्या ई पट्ट्या एका बाजूने, सगळ्या आय पट्ट्या दुसऱ्या बाजूने आणि मध्ये कागदाची गॅप असते. पट्ट्या आलटून-पालटून भरलेला पुश-पुल (पॉवर ट्यूबच्या जोडीसाठीचा) ट्रान्सफॉर्मर इथे लावला तर डीसीमुळे कोअर सॅच्युरेट होतो आणि खालचे स्वर मरतात.

फिल्टर कपॅसिटर: १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड ही मूळ मूल्यं. दुसऱ्या-तिसऱ्या जागी २२ चालतील. पहिल्या जागी मात्र २० च्या फार पुढे जाऊ नका. ५वाय३ला तेवढंच झेपतं. तिन्ही कपॅसिटर ५०० व्होल्टचे हवेत. ५वाय३ काही सेकंदांत तापतो, ६व्ही६ला त्याहून जास्त वेळ लागतो. त्या मधल्या काळात करंट ओढणारं कोणीच नसतं आणि व्होल्टेज ३२५ गुणिले १.४१४, म्हणजे ४६० पर्यंत चढतं. ४५० व्होल्टचा कपॅसिटर प्रत्येक वेळी चालू करताना हा मार खातो. ५०० व्होल्टचे मिळाले नाहीत तर ३३ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावा आणि प्रत्येकावर २२० के, १ वॅटचा रेझिस्टर टाका. व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जातं, आणि अँप बंद केल्यावर हेच रेझिस्टर साठा उतरवतात. सिरीजची जोडी न लावता एकच कपॅसिटर वापरलात, तर पहिल्या जागी २२० के, २ वॅटचा रेझिस्टर वेगळा लावायला विसरू नका.

टप्पा १: भोकं पाडण्याआधी ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवा

पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरलं की ते हमिंग कुठल्याही कपॅसिटरने जात नाही. म्हणून ही तपासणी टेबलावरच करा.

१. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या सेकंडरी वायरींची टोकं वेगवेगळी टेपने बंद करा. एकही उघडी नको.
२. रिकाम्या चासीवर त्याला ठरलेल्या जागी ठेवा. प्रायमरीला सिरीज बोर्डमधून (ज्यात मेन्सच्या वाटेत एक बल्ब सिरीजमध्ये असतो) मेन्स द्या.
३. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला फक्त हेडफोन जोडा. बाकी काही नाही.
४. आउटपुट ट्रान्सफॉर्मर चासीवर सावकाश सरकवा आणि फिरवा. दोघांचे कोअर काटकोनात आले की आवाज एकदम पडतो. त्यातही एखादी जागा जवळजवळ मुकी असते.
५. तिथेच पेन्सिलने खूण करा, मेन्स काढा, मग ड्रिल घ्या.

इनपुट जॅक आणि १२एएक्स७ पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध टोकाला ठेवा. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची चासी घरच्या ड्रिलला सोपी जाते.

टप्पा २: मेन्स आणि सेफ्टी अर्थ

तीन पिनी प्लगची हिरवी वायर मेन्स जिथे आत येते तिथल्या स्वतंत्र बोल्टला लावा. खालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, दोन नट आवळा. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली ही वायर दाबू नका. पुढे कधी ट्रान्सफॉर्मर सोडवला की अर्थही सुटते. हिरवी वायर बाकी दोन्हींपेक्षा लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर ती सगळ्यांत शेवटी तुटेल. वाइंडरने काढून दिलेली शील्डची वायरही याच बोल्टला जोडा.

फेजमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका. स्विच डबल पोल घ्या. आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात.

*तपासणी:* अर्थ पिन ते चासी एक ओहमच्या आत. फेज आणि न्यूट्रलपासून चासीपर्यंत मीटर काहीही दाखवू नये.

टप्पा ३: हीटरच्या वायरी सगळ्यांत आधी

हीटरमधून (ट्यूबच्या कॅथोडला तापवणाऱ्या तारेतून) पाऊण अँपिअर एसी वाहतं आणि तेच १२एएक्स७च्या ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल जिथे ट्यूबमध्ये शिरतो त्या पिनच्या, अगदी शेजारून जातं. बाकी वायरी नंतर आल्या तर हीटरला कोपरा मिळत नाही. म्हणून सॉकेट बसवल्यावर पहिलं काम हेच.

दोन वायरी घट्ट पिळा, एका इंचात तीन-चार वेढे. चासीच्या कोपऱ्याला चिकटवून न्या. ६व्ही६च्या पिन २ आणि ७. तिथून १२एएक्स७ला एक वायर पिन ४ व ५ एकत्र जोडून, दुसरी पिन ९ ला. पीळ सॉकेटच्या पिनपर्यंत जाऊ द्या. शेवटचा इंचभर भाग सरळ सोडण्याची चूक फार होते आणि नेमका तोच तुकडा ग्रिडजवळ असतो.

सेंटर टॅप चासीला न जोडता ६व्ही६च्या कॅथोडला, म्हणजे पिन ८ ला जोडा. तिथे १९ व्होल्टच्या आसपास डीसी असतं. हीटर तेवढा वर उचलला गेला की हीटरपासून कॅथोडकडे होणारी गळती दबते. ५एफ१मध्ये १२एएक्स७च्या दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला बायपास कपॅसिटर (एसी ग्राउंडकडे वळवणारा) नसतो, म्हणून त्याला याचा खास फायदा होतो. सेंटर टॅप नसेल तर प्रत्येक हीटर वायरपासून १०० ओहम, अर्धा वॅटचा एकेक रेझिस्टर त्याच पिनला न्या. टॅप आणि रेझिस्टर दोन्ही एकत्र वापरू नका. आणि काहीच न जोडता हीटर अधांतरी सोडला तर मोठं हमिंग हमखास.

टप्पा ४: ग्राउंडचा क्रम

सगळ्यांत जास्त अँप इथे बिघडतात. रेक्टिफायर पहिला कपॅसिटर सतत भरत नाही; सेकंदाला १०० वेळा करंटचे मोठे धक्के देऊन भरतो. ते धक्के चासीतून वाहिले तर चासीच्या दोन ठिकाणांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि १२एएक्स७ तो फरक सिग्नल समजून मोठा करते.

१. हाय व्होल्टेजचा सेंटर टॅप थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकाला जोडा. चासीला नाही.
२. त्या टोकापासून एक जाड वायर पुढे काढा. तिच्यावर पहिलं ठाणं ६व्ही६चं: दुसऱ्या कपॅसिटरचं निगेटिव्ह, ४७० ओहम कॅथोड रेझिस्टर, त्याचा २५ मायक्रोफॅरड कपॅसिटर, २२० के ग्रिड लीक (ग्रिडपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर) आणि स्पीकरचं निगेटिव्ह.
३. दुसरं ठाणं १२एएक्स७चं: तिसऱ्या कपॅसिटरचं निगेटिव्ह, दोन्ही १.५ के कॅथोड रेझिस्टर, व्हॉल्यूम पॉटचं खालचं टोक.
४. वायर इनपुट जॅकपाशी संपते आणि फक्त तिथेच चासीला मिळते.

स्पीकर जॅक प्लॅस्टिकचा घ्या किंवा फायबर वॉशर घालून चासीपासून वेगळा करा. धातूचा जॅक नकळत दुसरं ग्राउंड तयार करतो.

*तपासणी:* इनपुट जॅकची चासी-जोडणी तात्पुरती सोडवा. आता सर्किट ग्राउंड आणि चासी यांच्यात मीटरने काहीच दाखवायला नको. दाखवत असेल तर कुठेतरी चोरटी जोडणी आहे. ती शोधून काढा आणि मगच पुन्हा जोडा.

टप्पा ५: सिग्नलच्या वायरी

इनपुट जॅकपासून १२एएक्स७च्या पिन २ पर्यंत शील्डेड वायर, शील्ड फक्त जॅकच्या टोकाला जोडलेलं. दुसऱ्या टोकाला शील्ड कापून स्लीव्ह चढवा. दोन्ही टोकं जोडली की शील्डच ग्राउंडचा दुसरा रस्ता होतं. ६८ केचा रेझिस्टर सॉकेटच्या पिनला चिकटून बसवा. ग्रिडची वायर हीटरला ओलांडणारच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

स्पीकरपासून १२एएक्स७च्या पिन ८ कडे येणारा २२ के फीडबॅक रेझिस्टर आत्ता एका टोकाने मोकळा ठेवा.

टप्पा ६: पहिल्यांदा चालू करणं

सिरीज बोर्डमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही. स्पीकर जोडलेला हवाच. स्पीकरशिवाय अँप चालला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर उसळणारं व्होल्टेज त्याचं इन्सुलेशन फोडू शकतं.

आधी ट्यूब न लावता चालू करा. बल्ब जेमतेम लाल दिसला पाहिजे किंवा पूर्ण विझलेला. पूर्ण उजेड म्हणजे शॉर्ट; लगेच बंद करा. हे पार पडलं की तिन्ही ट्यूब लावा. बल्ब सुरुवातीला चमकून मग मंद झाला तर बोर्ड काढून थेट मेन्स द्या आणि मोजा:

- पहिला कपॅसिटर: ३३० ते ३५० व्होल्ट
- दुसरा: २९० ते ३१०
- तिसरा: २४० ते २६०
- ६व्ही६ पिन ८: १८ ते २१
- १२एएक्स७ पिन १ आणि ६: १४० ते १८०
- १२एएक्स७ पिन ३ आणि ८: एक ते पावणेदोन
- हीटर: ६.३ एसी, दहा टक्के इकडे-तिकडे

पिन ८ वर १९ व्होल्ट असतील तर १९ भागिले ४७०, म्हणजे ४० मिलिअँपिअर. स्क्रीनचे (६व्ही६च्या दुसऱ्या ग्रिडचे) दोनेक वजा केले तर प्लेटवर जवळजवळ १२ वॅट जातात, आणि ६व्ही६जीटीची ती मर्यादाच आहे. २२ व्होल्टच्या वर गेलं तर ४७० च्या जागी ५६० ओहम, २ वॅट लावा.

आता बंद करून फीडबॅक जोडा. पुन्हा चालू केल्यावर किंकाळी आली किंवा आवाज वाढला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं आपापसांत बदला. आवाज थोडा कमी आणि स्वच्छ झाला म्हणजे दिशा बरोबर.

टप्पा ७: हमिंगचा माग काढणं

*आधी कानाने ओळखा.* गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा. तो ९८ हर्ट्झचा आहे. हमिंगचा सूर त्याच्याशी जुळला तर ते १०० हर्ट्झ. एक सप्तक खाली वाटला तर ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या वाचकांना मेन्स ६० हर्ट्झ असल्यामुळे ६० आणि १२० मिळतील. १२० हा पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या बीच्या जरा खाली येतो.

५० म्हणजे हीटर, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा इनपुटकडून शिरणारं मेन्स. १०० म्हणजे फिल्टरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) किंवा ग्राउंडचा चुकलेला क्रम. गोल ‘घूं’ न येता खरखरीत ‘झर्रर्र’ येत असेल तर बहुधा ग्राउंड, नाहीतर खोलीतला फॅन रेग्युलेटर, डिमर वा एलईडी ड्रायव्हर. ते एकेक बंद करून बघा.

*मग जागा आवळा.* एका वेळी एकच बदल, आणि ट्यूब काढण्या-घालण्याआधी अँप बंद.

१. गिटार काढा. हमिंग गेलं तर अँपचा दोष नाही. गिटार हातात धरून फिरताना कमी-जास्त होत असेल तर ते सिंगल कॉइल पिकअपचं आहे. आणि केबल काढल्यावर उलट वाढत असेल तर जॅकचा स्विच काँटॅक्ट टिपला (जॅकमधल्या सिग्नलच्या टोकाला) ग्राउंड करत नाहीये.

२. व्हॉल्यूम फिरवा. त्यासोबत वाढलं तर दोष पॉटच्या आधी: जॅक, ग्रिडची वायर, पहिला ट्रायोड. तसंच राहिलं तर पॉटच्या पुढे.

३. १२एएक्स७ काढा. हमिंग गेलं तर दोष तिच्यात किंवा तिच्या वायरिंगमध्ये. या जागी दुसरी ट्यूब लावून बघणं योग्य आहे, पण या जागीच.

४. तरीही आहे? बंद करून, कपॅसिटर उतरवून, ६व्ही६ची पिन ५ क्लिपने ग्राउंडला जोडा आणि चालू करा. आता थांबलं तर तिसऱ्या कपॅसिटरचा रिपल दोन ट्यूबमधल्या कपलिंग कपॅसिटरमधून येत होता. तो तिसरा कपॅसिटर आणि त्याचं ग्राउंड तपासा.

५. अजूनही आहे? रेक्टिफायरसकट सगळ्या ट्यूब काढून चालू करा. एकही ट्यूब नसताना स्पीकरमधून घूं येत असेल तर ते ट्रान्सफॉर्मरमधलं चुंबकीय आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर फिरवायलाच हवा. ट्यूब नसताना शांत असेल तर पहिल्या कपॅसिटरचा रिपल थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये जातोय.

*या शेवटच्या रिपलचा उपाय.* सिंगल एंडेडमध्ये रिपल आपोआप कटत नाही, त्यामुळे मूळ चॅम्पमध्येही थोडं हमिंग असतंच. पहिला कपॅसिटर न वाढवता एक पायरी वाढवा: पहिल्या कपॅसिटरनंतर ४७० ओहम, ५ वॅट, मग नवा २२ मायक्रोफॅरड ५०० व्होल्ट, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुरवठा तिथून. १०० हर्ट्झला २२ मायक्रोफॅरडचा विरोध ७२ ओहम असतो. म्हणजे रिपल सुमारे साडेसहा पटीने उतरतो. बदल्यात वीस-एकवीस व्होल्ट जातात. नव्या कपॅसिटरचं निगेटिव्ह पहिल्या कपॅसिटरच्या टोकाजवळच न्या.

*हीटरवर संशय असेल तर* ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, ४.५ अँपिअर-तासवाली, मिळते. हीटरच्या दोन्ही वायरी आणि सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मरपासून सोडवून टोकं टेपने बंद करा (टॅपऐवजी १०० ओहमचे रेझिस्टर असतील तर तेही सोडवा), बॅटरी जोडा आणि तिचं निगेटिव्ह ग्राउंडला लावा. घूं गेलं तर वायरींचा मार्ग आणि पीळ पुन्हा करा. नाही गेलं तर हीटर निर्दोष. त्याच्यामागे वेळ घालवू नका.

*वायरी हलवून बघायच्या तर* कोरड्या बांबूच्या लांब काडीने, दुसरा हात दूर ठेवून. ग्रिडची वायर अर्धा इंच सरकवल्यावर हमिंग बदललं तर जागा सापडली. काडी टेकवताच कडकड आली तर तो जोड कच्चा आहे, पुन्हा सोल्डर करा.

*भिंतीतली अर्थ.* गिटारच्या तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होणं थोड्या प्रमाणात नेहमीचं आहे. फरक फार मोठा असेल तर सॉकेट मोजा: फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळजवळ सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात वायरच नसते. तिथे इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थ आल्यावरच अँप लावा. अर्थ पिन काढल्याने ग्राउंड लूपचं (अर्थ दोन रस्त्यांनी जोडली गेल्यामुळे येणारं) हमिंग जातं हे खरं, पण मग ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटल्यावर चासीवर आलेलं मेन्स गिटारच्या तारांतून हातात येतं.

*शेवटचं मोजमाप.* स्पीकरच्या टोकांवर मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा, व्हॉल्यूम शून्यावर. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर खोलीत अँपपासून दोन पावलांवर ते ऐकू येणं कठीण. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर हा आकडा वहीत लिहा. कान दहा मिनिटांत हमिंगला सरावतो आणि सुधारणा झाली की नाही हे सांगू शकत नाही.